ती शाळा त्यांची नव्हती

परभणीच्या कृषी विद्यापीठात मी वनस्पतींची आनुवंशिकी शिकवायचो. नोकरीबाहेर माझी ओळख होती ती वक्ता म्हणून. सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, जिथं व्याख्यानमाला असेल तिथून बोलावणं यायचं आणि विषय बहुतेक वेळा धर्म आणि विज्ञान हाच असायचा. मी देव मानत नव्हतो, आजही मानत नाही. त्याची मला खंत नाही. खंत आहे ती १९९८ सालच्या दिवाळीआधी केलेल्या एका भाषणाची, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी बोलायची वेळ आली तेव्हा एका मुलीला गप्प राहायला सांगितलं त्याची.

भाषणाआधीच्या महिन्यात मला एका सभेत कुणीतरी विचारलं होतं, "सर, तुम्हाला फक्त हिंदूंच्याच चुका दिसतात का?" प्रश्न मला लागला. मी सगळ्या धर्मांना सारखाच प्रश्न विचारतो हे सिद्ध करायचं मी मनाशी ठरवलं आणि पुढच्या व्याख्यानासाठी कॅथलिक चर्च निवडलं. आमच्या जिल्ह्यात कॅथलिक मंडळी अगदी थोडी. उलटून बोलायला कुणी उभं राहणार नाही, हे मला आतून ठाऊक होतं. तेव्हा ते स्वतःशी कबूल केलं नाही, एवढंच.

तयारी म्हणून एक जुनी पुस्तिका चाळली. त्या बळावर सांगितलं की पोप जे बोलेल ते कॅथलिकांना बिनचूक मानावंच लागतं, चर्चला उत्क्रांती मान्य नाही, आणि विज्ञानाचा चर्चइतका जुना शत्रू दुसरा नाही. लोक ऐकत होते, पण थंडपणे. मग मी उदाहरण दिलं. इथल्याच एका कॉन्व्हेंटमध्ये टिकली लावून आली म्हणून एका मुलीला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. ही गोष्ट मला एका पालकाने सांगितली होती आणि ती खरी होती. सभागृह एकदम जागं झालं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी पुढं बोललो, "आज टिकली काढली, उद्या नाव बदलतील."

ती शाळा चर्चची नव्हती. एका स्थानिक संस्थाचालकाची होती. तिथं ना क्रूस होता ना एकही सिस्टर. आमच्याकडं इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात आणि संस्थाचालकही फलकावर तो शब्द हौसेनं लिहितात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एक फोन केला असता तर खात्री झाली असती. पण उदाहरण माझ्या मुद्द्यात इतकं चपखल बसत होतं की ते तपासावं असं मला वाटलंच नाही.

त्या भागात खरोखर कॅथलिक म्हणावं असं एकच ठिकाण होतं: सिस्टरांनी चालवलेलं मुलींचं एक छोटं वसतिगृह. गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं बरोबर. साखर कारखान्याच्या फडावर कोपीत सहा महिने काढायचे. थोरली मुलगी असेल तर ती धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढे बांधते. तिची शाळा तिथंच संपते. अशा मुलींना त्या महिन्यांत ठेवून घ्यायचं आणि जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवायचं, एवढंच त्या सिस्टर करत. सरकारी अनुदान नव्हतं. मुलींची नावं बदलण्याचा तर प्रश्नच नव्हता. संध्याकाळी प्रार्थना व्हायची, आणि ज्यांना बसायचं नसेल त्या मुली अभ्यास करायच्या.

माझ्या भाषणानंतरच्या आठवड्यात काही तरुण तिथं घोषणा देत गेले. मारहाण झाली नाही, कुणी काही फोडलं नाही. पण बातमी तांड्यांवर पोचली, आणि टोळ्या निघायचे दिवस तेच होते. आईबापांनी मुलींना वसतिगृहातून काढून बरोबर नेलं.

हे मला लगेच कळलं नाही. त्याआधी एक दिवस एक कॅथलिक फादर माझ्या विभागात आले. वसईकडचे, माझ्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलणारे. चहा घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, टिकलीची गोष्ट कुठल्या शाळेतली?" मी शाळेचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायची गरजच नव्हती. मग भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत म्हणाले, "मेंडेल शिकवता ना तुम्ही?"

दरवर्षी शिकवत होतो. वाटाण्याचे प्रयोग १८५६ ते १८६३, निबंध वाचला १८६५ साली, जगानं दखल घेतली १९०० मध्ये. तो ब्रनोच्या मठातला ऑगस्टिनियन साधू होता, मठाच्या बागेत आणि मठाच्या पाठबळावर त्यानं ते काम केलं आणि १८६८ साली तो त्याच मठाचा प्रमुख झाला, हेही मी वर्गात सांगत असे. आणि तरीही व्यासपीठावर चर्च विज्ञानाचा जुना शत्रू म्हणून मोकळा झालो होतो. मी गॅलिलिओचं नाव काढलं. फादर म्हणाले, "१६३३ चं ते पाप आमचंच. पोपने ती चूक जाहीरपणे मान्य केली १९९२ साली. उशीर झाला, हे मलाही मान्य आहे." पोपच्या बिनचूकपणाचा सिद्धान्त १८७० चा, त्याला कडक अटी आहेत आणि त्यानंतर तो अधिकार उघडपणे वापरला गेला तो एकदाच, १९५० साली मरियेच्या स्वर्गारोहणाबाबत, हेही त्यांनी सांगितलं. उत्क्रांतीच्या बाजूनं १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी काय म्हटलं होतं, तेही. मी नंतर ग्रंथालयात तपासलं. त्यांचं सगळं बरोबर होतं. मेंडेल साधू होता म्हणून देव आहे असं काही ठरत नाही, असं ते स्वतःच जाताना म्हणाले.

जाण्यापूर्वी त्यांनी एकच मागणं मागितलं. ती शाळा आमची नव्हती, एवढं वर्तमानपत्रात दोन ओळींत लिहा. मी हो म्हटलं. त्याच रात्री पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, आणि टाकलं नाही. आधी वाटलं, थोडं निवळू द्यावं. मग डिसेंबरात गुजरातमधल्या डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले, जानेवारीत ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं. आता पत्र छापलं तर लोक आपल्याला काय म्हणतील, हा विचार मला त्या जळालेल्या गाडीपेक्षा मोठा वाटला. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पुढच्या उन्हाळ्यात ज्वारीच्या वाणांच्या कामासाठी गंगाखेडकडच्या एका तांड्यावर गेलो होतो. ज्याच्या ओट्यावर बसलो त्याची मुलगी सातवीत असताना वसतिगृहातून काढली होती. मी कारण विचारलं. तो साधेपणानं म्हणाला, "पोरीचं नाव बदलतेत म्हणले तिथं. तुमीच बोलला होता म्हणे, सायेब." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. शिकलेल्या माणसानं सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं. मुलगी त्या हंगामात फडावर होती, त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं. मी तिच्या बापाला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "आता काय करता."

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. वसतिगृहात जाऊन मुलींना विज्ञान शिकवू लागलो. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० ने दिला आहे, आणि कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे जिथं जाईन तिथं सांगू लागलो. ते काम आवश्यकच होतं आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण होता होता मी चर्चचा वकील झालो. वकिलाला आपल्या अशिलाविरुद्धचं बोलणं ऐकू येत नाही.

२०१७ मध्ये एक तरुण शिक्षिका मला भेटायला आली. चर्चच्या एका शाळेत ती नोकरीला होती. शाळा कुठली ते लिहीत नाही. व्यवस्थापनातले एक फादर रात्री-अपरात्री फोन करत, नको ते बोलत, आणि फोन उचलला नाही तर नोकरीची भीती घालत. तिच्या मोबाईलमधले संदेश तिनं मला दाखवले. मी वाचले. ती खरं बोलते आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आणि मी म्हणालो, "काळ बघ कसला आहे. हे बाहेर गेलं तर कोण त्याचा काय उपयोग करील, तुला ठाऊक आहे. आधी आतल्या आत वरिष्ठांशी बोल."

ती म्हणाली, "सर, वरिष्ठ म्हणजे कोण? तेही फादरच ना?"

तिचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा होता. वसतिगृह असो, दवाखाना असो, राबतात सिस्टर. चर्चमधला शेवटचा अधिकार मात्र दीक्षा झालेल्या पुरुषांच्या हाती असतो, आणि स्त्रियांना ती दीक्षा मिळू शकत नाही यावर पोपने १९९४ मध्ये पुन्हा शिक्कामोर्तब केलं. वसईकडच्या त्या फादरांशी मी याच मुद्द्यावर कितीदा वाद घातला होता. ते चर्चच्या बाजूनं बोलायचे, मी समतेच्या. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलीला मी त्याच पुरुषांच्या दारात परत पाठवलं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मला तोंडपाठ होता. विद्यापीठात तशा अंतर्गत समितीवर मी काम केलं होतं. घटनेनंतर तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते, आणि समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. तक्रार व्यवस्थापनाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. यातलं एक अक्षरही मी तिला सांगितलं नाही. ती वरिष्ठांकडे गेली. चौकशी करू, असं उत्तर आलं. वाट पाहण्यात मुदत संपली. तिनं नोकरी सोडली.

२०१८ च्या सप्टेंबरात केरळमध्ये सिस्टर उघड्यावर धरण्याला बसल्या. त्यांच्या एका सहकारी सिस्टरने जालंधरच्या बिशपांविरुद्ध बलात्काराची तक्रार दिली होती. चर्चमधल्या वरिष्ठांकडे दाद मागून झाल्यावरच ती पोलिसांकडे गेली होती. बिशपांना अटक झाली, खटला चालला, आणि जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. त्या निकालावर मी काही बोलणार नाही. मला हलवलं ते त्या बसलेल्या बायकांनी. त्यांना चर्च सोडायचं नव्हतं. चर्चचे शत्रू याचा फायदा घेतील, हा धाक त्यांनाही घातला गेलाच असणार. तरी त्या बसल्या. मी टीव्ही बंद करून त्या शिक्षिकेला फोन लावला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही विश्वास ठेवला नसता तर मी दुसऱ्या कुणाकडे गेले असते, सर. तुम्ही विश्वास ठेवला आणि गप्प बसायला सांगितलं."

वसईकडच्या त्या फादरांनाही मी हे सांगितलं. ते आता थकले आहेत. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंत तेव्हा?" कारण त्यांना दुखवायचं नव्हतं. टाळ्यांसाठी ज्यांना दुखवताना मी कचरलो नव्हतो, त्यांना सत्यासाठी दुखवायला कचरलो.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला मी गेलो होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि निवड झाल्यापासून त्यांना विरोध होत होता. मांडवाबाहेर कुणी म्हणालं, मराठीच्या संमेलनात पाद्री कशाला? मी पाद्रीच असलेल्या थॉमस स्टीफन्सचं नाव घेतलं, त्याचं १६१६ चं मराठी क्रिस्तपुराण सांगितलं, वाद घातला. परतताना गाडीत वाटलं, हे उत्तर मला कायम सोपं जातं.

त्या वर्षी, करोनामुळं सगळं बंद पडण्याच्या थोडं आधी, त्याच जुन्या व्याख्यानमालेत बोलायची मी स्वतःहून परवानगी मागितली. टिकलीची शाळा कुणाची होती ते सांगितलं. तांड्यावरच्या मुलीबद्दल सांगितलं. मग, शिक्षिकेला विचारून आणि तिचं नाव न घेता, तिच्याबद्दल सांगितलं. खाली उतरल्यावर एकानं विचारलं, "म्हणजे तुम्ही आता त्यांच्या बाजूचे की विरोधातले?" थोड्या वेळानं एका ख्रिस्ती ओळखीच्या माणसानं हात न मिळवता पाठ फिरवली.

शिक्षिकेनं परवानगी देताना एक अट घातली होती: तक्रारीच्या मुदतीचं स्पष्ट सांगा, तीन महिने आणि फार तर आणखी तीन, आणि जिल्ह्याची समिती असते हेही सांगा. समोर पहिल्या दोन रांगांत नर्सिंगच्या आणि डी.एड.च्या मुली बसल्या होत्या. ते मी दोनदा सांगितलं. काही मुलींनी वहीत लिहून घेतलं.