दोन शाळांची मुलं

बालमित्रांनो, शाळा केव्हा रिकामी होते असं कुणी विचारलं, तर तुम्ही पटकन सांगाल, "उन्हाळ्याच्या सुट्टीत!" पण आपल्याच महाराष्ट्रात अशाही शाळा आहेत, ज्यांचे वर्ग दिवाळीनंतर, ऐन थंडीत ओस पडू लागतात. आज आपण तिकडेच जायचंय. चला, बसा एस.टी.त!

बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढलो, की बालाघाटाचे डोंगर सुरू होतात. मांजरा नदी उगम पावते ती इथेच, पाटोदा तालुक्यात. इथली सीताफळं तुम्ही खाल्लीही असतील. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. सीताफळाला मुरमाड जमीन मानवते, पण माणसाचं पोट काही तेवढ्यावर भरत नाही. पाऊस बेभरवशाचा. बाजरी-ज्वारी निघाली तर निघाली. म्हणून पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या भागातली हजारो कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. १९७२च्या दुष्काळानंतर तर ही वाट फारच रुळली.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जून महिन्यात डोकावलात तर वर्ग गजबजलेला दिसेल. गावातली, वस्तीवरची, तांड्यावरची मुलं मांडीला मांडी लावून बसलेली. तुमच्या गुरुजींना विचारा, शाळेत दोन शब्द फार महत्त्वाचे असतात. पट आणि हजेरी. पट म्हणजे दाखल झालेली मुलं, हजेरी म्हणजे खरोखर वर्गात आलेली. जूनमध्ये हे दोन आकडे जवळजवळ असतात. कारखान्यांचे बॉयलर पेटले, की ते एकमेकांपासून लांब जाऊ लागतात.

एके दिवशी ट्रक येतो. त्यात पातेली, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी, आणि त्यातच मुलं. मुकादमाकडून आधीच 'उचल' घेतलेली असते. ती फेडायची तर जावंच लागतं. नवरा-बायको मिळून जी जोडी ऊस तोडते, तिला 'कोयता' म्हणतात. बघा हं, माणसांच्या जोडीला हत्याराचं नाव!

आपणही त्या ट्रकमागून जाऊ. कुणी सांगली-कोल्हापूरला उतरतं, कुणी साताऱ्याला, कुणी पार कर्नाटकात. रानाच्या कडेला पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्यातली साखर कमी होते, म्हणून तो लवकरात लवकर कारखान्यात पोचवावा लागतो. त्यामुळे पहाटे अंधारातच तोडणी सुरू. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कधी कधी रात्रीसुद्धा. मग कोपीजवळ धाकट्या भावाला कोण सांभाळणार? पाणी कोण आणणार? बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांची ताई! म्हणूनच मुलांपेक्षा मुलींची शाळा आधी सुटते.

आता थोडं गणित करू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान २०० दिवस भरली पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने गेले, तर हातात निम्मेच दिवस उरतात. अशा मुलाचं पुस्तक उघडून बघा. पुढची पानं हाताळून मळलेली, मागची अगदी कोरी! गुणाकार गावात शिकला, भागाकाराच्या वेळी तो उसाच्या फडात होता. पुढच्या वर्षी अपूर्णांक आले, की त्याला काहीच उमगत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "ढ आहे!" नाही हो. ढ नाही, तो तेव्हा वर्गातच नव्हता. शाळेचा निकाल वाचताना म्हणूनच नुसते गुण पाहू नयेत. हजेरीचा रकानाही पाहावा.

यावर उपाय निघाले आहेत. काही कारखान्यांजवळ साखरशाळा चालल्या. गावोगावी 'हंगामी वसतिगृहं' सुरू झाली. आईवडील ऊसतोडीला, मुलं गावातच. दुपारी शाळेतली खिचडी, सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाचं, आणि रात्री झोपायला आजीच्या कुशीत. जिथे ही व्यवस्था नीट चालते, तिथे वर्ग भरलेला राहतो. पण सगळ्यांच्याच घरी आजी नसते आणि वसतिगृहं कधी कधी उशिरा उघडतात. तोवर ट्रक निघून गेलेला असतो. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली, ती याच गरजेतून.

आणि जी मुलं आईवडिलांबरोबर जातात, त्यांचं काय? त्यांना कारखान्याजवळच्या शाळेत बसण्याचा पूर्ण हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणतीही सरकारी शाळा त्यांना परत पाठवू शकत नाही. पालकांनो, हे तुम्ही लक्षात ठेवा. तुमच्या गावाशेजारी कोपी पडल्या, तर मुख्याध्यापकांना जाऊन एवढं जरूर विचारा, "तिथली लेकरं पटावर घेतली का?"

आणि मुलांनो, तुमच्या वर्गात नोव्हेंबरात एखादी नवी मुलगी आली, तर ती कदाचित बालाघाटातून आलेली असेल. ती 'माझं पुस्तक' न म्हणता 'मपलं पुस्तक' म्हणेल. हसू नका हं! कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, ते ऐकून तिलाही हसू येत असेलच की. तिला बाकावर जागा द्या. तुमची भागाकाराची वही दोन दिवस तिच्याकडे राहू द्या. मार्चमध्ये ती परत जाईल तेव्हा तिच्या पुस्तकाची मागची पानंही थोडी मळलेली असली पाहिजेत. त्यातला थोडा मळ तुमच्या हातचा असला, तर तुमच्या गुरुजींना फार आनंद होईल!