बुधवारची पोटदुखी

गेल्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. चहा होईपर्यंत तिचं सुरू झालं, "अरे, याचं पोट सारखं दुखतंय. डॉक्टर म्हणतात, काही नाही!"

भाचा सहावीत. सहज म्हणून शाळेची डायरी चाळली. जुलैपासून सात दांड्या, त्यातल्या सहा बुधवारी! बग कितीही लपला तरी लॉगमध्ये सापडतोच. बुधवारी गणिताची चाचणी असते.

जरा गोड बोलल्यावर साहेब फुटले. "मामा, मला अपूर्णांक जमत नाहीत. कमी मार्क पडले तर सगळ्यांना कळेल ना, मी हुशार नाही ते."

मी चपापलोच. "आमचा भाचा म्हणजे जन्मजात हुशार!" असं चारचौघांत सांगत फिरणारा मीच की!

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सुटल्यावर काहींना म्हटलं "हुशार आहेस", काहींना म्हटलं "मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर 'हुशार' मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि 'मेहनती' पुढे गेली. आता नुसत्या शब्दांनी जादू होत नाही म्हणा. पुढच्या मोठ्या अभ्यासांत सरासरी परिणाम लहानच दिसला. त्यात दांडी मारली की बाई फळ्यावर चुका समजावतात तेही बुडतं. मग पुढचं कळत नाही, म्हणून पुन्हा दांडी... इनफिनिट लूप!

शेवटी वही घेऊन बसलो. पठ्ठ्याने १/२ + १/३ = २/५ केलं होतं. वरचे वर, खालचे खाली!

"अर्ध्या पोळीत आणखी तुकडा घातला, तर अर्धीपेक्षा कमी कशी होईल रे?"

तो बराच वेळ गप्प. मग स्वतःच खोडून सहाचा छेद केला.

निघताना ठरलं, काहीही झालं तरी बुधवारी शाळेत जायचं आणि चुकलेली गणितं आधी मला सांगायची. आणि 'जमत नाही'च्या आधी 'अजून' लावायचं.

बुधवारी रात्री फोन आला. "मामा, वीसपैकी नऊ. भागाकार अजून जमत नाहीये."

"अरे वा, हुशा..." जीभ चावली. "कुठे अडलं? वाच बघू."