काळ्या मोटारीचे स्नान

ज्याच्या गावी पाऊस बेताचा पडतो त्याने काळी मोटार घेऊ नये, असे आमच्या आत्याबाईंचे स्पष्ट मत आहे. त्या मोटारीत क्वचितच बसतात. पण मोटारीपायी किती पाणी खर्च होते यावर त्यांचे बारीक लक्ष असते. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या मुहूर्तावर पुतण्याने काळीकुळकुळीत मोटार दारात आणून उभी केली, तेव्हा झेंडूची माळ, नारळ, लिंबू हे सर्व सोपस्कार यथासांग पार पडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "हिला आंघोळ रोजची, की आठवड्याची?"

पुतण्या हसला. मी हसलो नाही. इंदापूर तालुक्यात हयात काढलेल्या माणसाला हा प्रश्न विनोदाचा वाटण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात जे ढग रिते होतात, त्यांची उरलीसुरली शिदोरी आमच्या वाट्याला येते. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि तोही बहुतेक भाद्रपदानंतर आठवण झाल्यासारखा. एका अंगाने भाटघरच्या धरणाचे पाणी घेऊन नीरा डावा कालवा बारामतीवरून आमच्याकडे येतो. दुसऱ्या अंगाला भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात पळसदेवचे जुने देऊळ बुडालेले आहे. पाणी फार उतरले की ते वर येते, आणि पुण्यामुंबईची मंडळी छायाचित्रे काढण्यासाठी लगबगीने धावत येतात. आम्ही ते देऊळ दिसू लागले की टँकरची चौकशी करू लागतो. या दोन पाण्यांच्या मधली कित्येक गावे जिरायतच राहिली आहेत. परक्या माणसाला रस्त्याच्या दुतर्फा तरारलेला ऊस दिसतो आणि येथे पाण्याला काय तोटा, असे त्याला वाटते. उसाला किती पाणी लागते हा प्रश्न मात्र आत्याबाईंनीही कधी विचारलेला माझ्या ऐकिवात नाही.

त्यांचा पाण्याचा हिशेब हंड्यांत चालतो. १९७२ च्या दुष्काळात त्या याच तालुक्यात सासरी होत्या. रात्री दोन वाजता विहिरीवर जाऊन, तळाशी साचलेले पाणी वाटीवाटीने भरून घेतल्याचे त्या सांगतात. आणि सांगताना अजूनही आवाज खाली आणतात, जणू कोणी ऐकले तर आपल्या आधी विहिरीवर पोचेल. अशा बाईपुढे रबरी नळी सोडून मोटार न्हाऊ घालण्याचे धाडस कोण करील? मिनिटाला १० लिटर पाणी देणारी नळी पाव तास चालली तर १५० लिटर झाले. पंधरा लिटरांचा हंडा धरला, तर दहा हंडे! हा गुणाकार आत्याबाईंनी मोटार आली त्याच दिवशी केला होता.

तेव्हा आमच्या आळीतल्या इतर चार मोटारींप्रमाणे हीदेखील मामांच्या स्वाधीन झाली. मामा हे कोणाचेच मामा नव्हेत. आमच्याकडे वडीलधाऱ्या कष्टकरी माणसाला त्याच नात्याने हाक मारतात. पहाटे पाच वाजता ते एक बादली आणि एक फडके घेऊन येतात. फडके म्हणजे कोणाची तरी जुनी बंडी, शिवणीसकट. एकाच बादलीत पाच मोटारी आटोपतात. पहिल्या मोटारीला पाणी नितळ असते, पाचवीला त्याला चहाचा रंग आलेला असतो. आमची मोटार चौथी.

सहा महिने होतात न होतात तोच चैत्रातल्या एका दुपारी पुतण्याने मला हाताला धरून अंगणात नेले. बॉनेटवर सूर्याचे बिंब पडले होते आणि त्याभोवती, कोळ्याने जाळे विणावे तशी, बारीक चकचकीत वर्तुळे उमटली होती. "काका, कोणीतरी गोल गोल घासले आहे," तो म्हणाला. वस्तुतः गोल असे काहीच घासलेले नसते. ओरखडे सर्व दिशांनी आडवेतिडवे असतात. पण त्यांपैकी जे प्रकाशाच्या बिंबाला आडवे जातात तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे परतवतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. आपण दोन पावले सरकलो की ते वर्तुळही आपल्याबरोबर सरकते. पांढऱ्या मोटारीवरही हे सारे असतेच. परंतु पांढऱ्यावर पांढरी रेघ कोणाला दिसणार? काळा रंग पाप लपवीत नाही, एवढाच त्याचा अपराध.

आत्याबाई आत गेल्या आणि देवघरातले पितळी ताम्हण घेऊन आल्या. उन्हात धरून म्हणाल्या, "हे बघ. राखेने घासलेल्या भांड्याला हे असतेच." खरोखरच ताम्हणात तेच जाळे होते! पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडून मी पुतण्याला जे समजावून सांगणार होतो, ते त्यांनी एका वाक्यात संपवले.

आणि राखेचा उल्लेख तर त्यांच्याही कल्पनेपेक्षा अधिक समर्पक निघाला. आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्यांतून बगॅसची काळी राख उडते. शेतात पाचट पेटवले की तीही येते. सकाळी मोटारीच्या टपावर तिचे हलके काळे पापुद्रे पडलेले असतात. बोट लावले की चुरा होतो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण उसाच्या पानाने ज्याचा हात कधी कापला असेल त्याला पानात वाळूचा अंश असतो हे सांगावे लागत नाही. तो वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, राखेत शिल्लक उरतो. राहिली रस्त्याची धूळ. ती आमच्या काळ्या पाषाणाची. मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्या लावल्या. त्यांत या पाषाणातील फेल्डस्पार सहाव्या पायरीवर बसतो आणि साध्या सुरीचे पाते साडेपाचाच्या सुमारास. म्हणजे जी धूळ पोलादावर रेघ ओढू शकते, ती आपण ओल्या बंडीत गुंडाळून रंगावर फिरवीत होतो. आजच्या मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक लेप असतो त्याची जाडी ४०-५० मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही कमी. पॉलिश करून ओरखडे जातात, हे खरे. पण ते जातात म्हणजे तो लेपच तेवढा खरवडून निघतो, आणि असे पुन्हा पुन्हा करता येत नाही.

जुन्या मोटारींची गोष्ट वेगळी होती. आमच्याच तालुक्यात कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात साखर कारखाना आणि वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिची पद्मिनी पुढे काळे अंग आणि पिवळे टप घेऊन मुंबईची टॅक्सी म्हणून मिरवली आणि २०२३ साली त्या रस्त्यांवरून कायमची गेली. जुन्या पद्धतीच्या रंगावर पारदर्शक लेप नसे. पॉलिश केले की फडके काळे होई आणि मालकाला मोटार स्वच्छ झाल्याचे समाधान मिळे. त्या काळी वर्तुळे कोणी मोजीत नसे.

पुतण्या मात्र मोजत होता. "उद्यापासून मामांना नको म्हणून सांगा," तो मला म्हणाला. सांगायचे मी, हे त्याने गृहीतच धरले होते. मामांची नात बारामतीला परिचारिकेचे शिक्षण घेते; पाच मोटारींच्या पैशांतला आमचा पाचवा हिस्सा गेला तर त्यांच्या घरी काय गेले, हे मला ठाऊक होते. बरे, दोष त्यांचा म्हणावा, तर फडके आणि बादली याखेरीज आम्ही त्यांना दिले काय होते?

याच सुमारास पुतण्याने शहरातून एक बाटली आणि मायक्रोफायबरची आठ फडकी आणली. बिनखळबळीचे स्नान, असे मी त्या पद्धतीचे नाव ठेवले आहे. बाटलीतले द्रव्य साबण नव्हे. त्याला फेस जवळजवळ येतच नाही. या जातीच्या द्रव्यांत ऑप्टिमम नो रिन्स हे अमेरिकेतले नाव विशेष परिचित असून त्याचे प्रमाण एकास २५६ असे आहे. १० लिटर पाण्याला सुमारे ४० मिलिलिटर पुरते. त्यातील बहुवारिके धुळीच्या कणाला वेढून घेतात आणि रंगावर निसरडेपणा आणतात, म्हणजे कण घासला न जाता फडक्याच्या लवेत उचलला जातो. मागाहून पाणी ओतावे लागत नाही.

आत्याबाईंनी एका बादलीची परवानगी दिली आणि खुर्ची टाकून त्या समोर बसल्या. पत्रा हाताला थंड लागेपर्यंत सावलीत थांबावे लागते, एवढ्यावरूनच त्यांचे मत निम्मे अनुकूल झाले. कारण उन्हात घाई करणारा माणूस त्यांना मुळीच आवडत नाही. प्रथम त्याच पाण्याचा फवारा एका भागावर मारायचा आणि दोन-तीन मिनिटे हात बांधून उभे राहायचे. (फवाऱ्याचा हातपंप कोरा हवा, तणनाशक मारलेला शेतातला पंप येथे चालणार नाही, हे आमच्याकडे मुद्दाम सांगावे लागते.) मग बादलीत भिजलेले एक फडके चौघडी-आठघडी करून घ्यायचे, म्हणजे त्याला आठ कोऱ्या बाजू मिळतात. एका बाजूने एकच पट्टा, सरळ रेषेत, फडक्याच्या स्वतःच्या वजनाइतकाच भार देऊन. लगेच बाजू पालटायची. आठही बाजू झाल्या की ते फडके निराळ्या टोपलीत पडते. पुन्हा बादलीत बुडवायचे नाही! सारे मर्म या एका नकारात आहे. पाणी जोवर स्वच्छ तोवर फडके स्वच्छ. टपापासून खाली यायचे; दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी, आणि चाकांचे फडके कायमचे वेगळे. पाठोपाठ कोरड्या फडक्याने ओल टिपून घ्यायची, नाहीतर आमच्या विहिरीचे जड पाणी वाळून काळ्या रंगावर पांढरे ठिपके ठेवून जाते.

"आणि ही फडकी धुवायला पाणी लागत नाही वाटते?" आत्याबाईंनी विचारले. लागते. आणखी एक बादली लागते, तीही कपड्यांपासून वेगळी, कारण सुती कपड्यांची तूस त्यांच्या लवेत अडकते. म्हणजे दोन बादल्या झाल्या. उरलेले पाणी तुळशीला घालायला त्यांनी सक्त मनाई केली. ते अंगणात सड्यासारखे शिंपावे असे ठरले. त्यामुळे धूळ खाली बसते आणि मोटार एक दिवस अधिक काळी राहते. या हिशेबाने त्यांचे समाधान झाले असावे, कारण त्या काही बोलल्या नाहीत.

या पद्धतीचे भक्त तिचे वर्णन करताना तिच्या मर्यादा सांगत नाहीत, हे मला खटकते. पावसाळ्यात काळ्या रानातून आलेल्या मोटारीला चिखलाचे थर बसलेले असतात. त्यांवर फडके फिरवणे म्हणजे पुन्हा बंडीच. तेथे पाण्याचा झोतच हवा. तुकोबांच्या पालखीच्या दिवसांत काटेवाडी-सणसरच्या रस्त्याने जी धूळ अंगावर येते तीही नुसत्या फडक्याच्या आवाक्यातली नाही. तिच्यावर आधी फवाऱ्याचे दोन हात मोकळेपणी मारून ती ओघळू द्यावी लागते. आणि उमटलेली वर्तुळे या स्नानाने जात नाहीत; नवी पडण्याचे तेवढे कमी होते.

मामांना मी हे सारे करून दाखवले. त्यांनी अखेरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "समदं खरं, गुरुजी. पन ही गाडी आठवड्यातनं एकदाच पुसायची म्हनता. मग पैसं?"

पैसे तेवढेच, मी म्हणालो. पुतण्याला ते पटले नाही. तीस दिवसांचे पैसे चार दिवसांच्या कामाला का द्यायचे, हा त्याचा प्रश्न हिशेबाच्या वहीत अगदी बिनचूक आहे. पण चार दिवस प्रत्येकी दीड तास, वाकून, बाजू मोजीत. आणि पूर्वी रोज पाच मिनिटे. कोणते काम अधिक, ते त्याने एक दिवस स्वतः करून पाहावे, असे मी सुचवले. त्याने पाहिले. पुढचा वाद झाला नाही.

मामांचा दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. "बाकीच्या चौघांचं काय करू? सकाळी गाडी वली दिसली न्हाई, तर म्हनत्याल आज आलाच न्हाई." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मोटारीवरची ओल हीच त्यांच्या हजेरीची सही होती. मालक सात वाजता उठून खिडकीतून पाहतो. त्याला ओली मोटार दिसते. महिनाअखेर पैसे मिळतात. ओरखडे त्याला सहा महिन्यांनी दिसतात, आणि तेव्हा ते कोणाचे, हे तो बंडीला विचारीत नाही.

मी त्या चौघांशी बोलायला गेलो. एकाने ऐकून घेतले. दुसऱ्याची मोटार पांढरी होती. तिसरे म्हणाले, त्यांना रोज पुसलेली मोटार लागते, मग ती कशीही पुसा. चौथ्या घरच्या वहिनींनी मात्र टँकरचे दिवस आठवून लगेच होकार दिला आणि फडक्यांचे पैसे काढून ठेवले. तेव्हा सध्या दोन मोटारी नव्या रीतीने आणि तीन जुन्या रीतीने, अशी मामांची पहाट वाटली गेली आहे. जुन्या तिघांसाठीही त्यांनी आपण होऊन दर मोटारीला वेगळे फडके आणि निम्मी बादली स्वच्छ पाणी सुरू केले आहे, हे मला उशिरा कळले.

गेल्या रविवारी पुतण्याला घाई होती. टपावर कावळ्याने केलेली घाण पुसायला त्याने मामांच्या टोपलीतले वरचे फडके उचलले. मामांनी ते त्याच्या हातातून काढून घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि फवाऱ्याचा पंप त्याच्यापुढे धरून म्हणाले, "आधी भिजू द्या, दादा. फडकं मी देतो."