खा. पा.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे अण्णा एका आडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टी लागली की मला बरोबर न्यायचे. हळदीच्या धुळीने नाक पिवळे होईपर्यंत मी त्यांच्या गादीशेजारी बसून असे. समोर लाल कापडी बांधणीच्या दोन लांबट वह्या. व्यवहार घडेल तसा उतरायचा ती रोजकीर्द. प्रत्येक शेतकऱ्याचे, व्यापाऱ्याचे वेगळे पान असायचे ती खतावणी. माझे लक्ष असे ते एका चिंचोळ्या रकान्यावर. त्याच्या डोक्यावर ‘खा. पा.’ लिहिलेले, म्हणजे खाते पान. ही रक्कम खतावणीच्या कितव्या पानावर गेली, तो आकडा तिथे. खतावणीत त्याच्या उलट: ही रक्कम रोजकिर्दीच्या कितव्या पानावरून आली.

जायचा नंबर लिहिला की झाले, यायचा कशाला, असे मी एकदा विचारले. अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, “भांडायला येणारा खतावणी बघून भांडतो रे. त्याला रोजकीर्द दाखवायला नको?”

रकाना रिकामा असला तर रक्कम खतवायची राहिली, असे समजायचे. दुकान बंद करण्याआधी ते त्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत. ते बोट मला अजून दिसते.

कॉलेजच्या ग्रंथालयात पुन्हा तीच गंमत भेटली, मराठी विश्वकोशात. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या त्या जाडजूड खंडांत नोंदीच्या मधेच एखादा बाण असतो, शेवटी ‘पहा :’ असते. बाणामागून बाण धरत गेलो की तासाभरात टेबलावर पाच खंड उघडे पडत आणि ग्रंथपाल घसा खाकरत. घरच्या ओढीने मी ‘हळद’ काढायला गेलो, तर ‘ह’चा खंड निघालेलाच नव्हता. पहिला खंड १९७६चा. ‘ह’ यायला २०१५ साल उजाडले. तोवर ‘ह’कडे जाणारे बाण हवेतच होते. आणखी एक खटकायचे. बाण सगळे पुढे जाणारे. आपल्याकडे कोण कोण बोट दाखवते, हे त्या नोंदीला कळायची सोय नाही. अण्णांच्या खतावणीला ते कळायचे.

नोकरीत सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर विम हा मजकूर-संपादक आला. बिल जॉयने १९७६च्या सुमारास व्हीआय हा संपादक लिहिला आणि त्याच वळणावर ब्राम मोलेनार या डच माणसाने १९९१मध्ये विम लोकांपुढे ठेवला. सुरुवातीला मला त्यातून बाहेर पडता येत नव्हते, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. टिपणे मात्र मी दुसरीकडे, एका कंपनीच्या देखण्या ॲपमध्ये ठेवत होतो. तिने एक दिवस दुकान आवरले. हाती आल्या त्या शेकडो सुट्या फाइली, आतले दुवे सगळे तुटलेले. खा. पा. पुसलेली रोजकीर्द.

मग ठरवले, साध्या मजकुराच्या फाइली आणि विम. विकिपीडियावर दुवा देतात तशा दुहेरी चौकटी कंसात टिपणाचे नाव लिहायचे: [[हळद]]. विममध्ये जी-एफ ही दोन अक्षरे दाबली की कर्सरखालच्या नावाची फाइल उघडते आणि कंट्रोल-ओ दाबले की आलो तिथे परत. ‘डॉट एमडी’ हे शेपूट त्याने आपले आपण जोडावे म्हणून सेटिंगमध्ये एक ओळ घातली. देवनागरी नावे त्याला चालतात. टर्मिनलमध्ये काने-मात्रे जरा सुटे पडतात, तेवढे चालवून घेतो. पहिल्याच संध्याकाळी मी हळदीवरून ती साठवायच्या पेवावर, पेवावरून सांगलीजवळच्या हरिपुरावर असा फिरून आलो.

दुसऱ्या दिवशी रडगाणे सुरू झाले. ‘हळदीचे पेव’ असे नाव दिले तर विम कर्सरखालचा एकच शब्द उचलतो, कारण मधली मोकळी जागा म्हणजे त्याच्या लेखी नाव संपले. तिथे आडवी रेघ घातली. मग आपली विभक्ती आडवी आली. इंग्रजीत शब्द बहुधा आहे तसा वाक्यात बसतो. आपल्याकडे ‘हळद’ वाक्यात शिरली की ‘हळदीला’ होते, आणि त्या नावाची फाइल नसते. ई ४४७, फाइल सापडत नाही. म्हणजे पुन्हा ‘ह’चा खंड! शेवटी [[हळद|हळदीला]] असे लिहू लागलो आणि एक छोटे फंक्शन केले. कर्सर कंसात कुठेही असो, उभ्या रेघेच्या आधीचे नाव घ्यायचे, ती फाइल उघडायची, नसेल तर नवी. जेमतेम सोळा ओळी.

सगळ्यात जास्त छळले ते ‘ऱ्या’ने. ‘व्यापाऱ्यांची-नावे’ हे टिपण डोळ्यांसमोर होते आणि दुवा म्हणे ते नाहीच. दोन रात्री गेल्या. हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. ऑफिसच्या लॅपटॉपवर मी एक लिहीत होतो, फोनवर दुसरा.

हे सगळे झाल्यावर अण्णांचा प्रश्न उरलाच होता. म्हणून अजून एक कळ बांधली. उघड्या टिपणाचे नाव सगळ्या फाइलींत शोधायचे आणि जिथे जिथे त्याला दुवा आहे त्या ओळी खाली मांडायच्या. विममध्ये शोधायची आज्ञा आयती आहे, मला फक्त नाव भरायचे होते. ‘पेव’वर ती कळ दाबली तर सात ओळी आल्या. त्यांतल्या तीन मी लिहिल्याचे विसरलोही होतो. आता महिनाअखेरीला मी ज्यांची फाइल अजून झालेली नाही असे दुवे काढतो आणि यादीवरून बोट फिरवतो. पडद्यावर डाग पडतात.

आता याच कामाची तयार साधने भरपूर मिळतात, माझ्या सोळा ओळींहून देखणी. वापरा खुशाल. फक्त टिपणे साध्या फाइलींतच ठेवा, नावात मोकळी जागा सोडू नका आणि ‘ऱ्या’ कुठल्याही एकाच पद्धतीने टंका.