रिकाम्या गाडीवर शिकवलंस, मामा

मामा,

मी तुझी ओम्नी भंगारात देऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून तू माझ्याशी बोलतोस, पण गाडीबद्दल बोलत नाहीस. मी विषय काढला की खोपोलीत पाऊस किती झाला ते सांगतोस, आईच्या शुगरचं विचारतोस. म्हणून हे लिहून पाठवते आहे. आधी वाच, मग हवं तर रागव.

आठवतं का, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पहाटे पाचला चार फाट्यावर तू गाडी माझ्या हातात द्यायचास आणि आपण पळसदरीकडे निघायचो. ‘गियर बघू नकोस, आवाज ऐक,’ म्हणायचास. ब्रेकवर पाय जोरात पडला तरी ओरडला नाहीस कधी. तुझ्याइतका शांत मास्तर मला पुढे कुठे भेटला नाही. पण मामा, माझी एक तक्रार आहे. तू मला रिकाम्या गाडीवर शिकवलंस. मागे भाताची पोती चढली की म्हणायचास, ‘आता उतर, मी घेतो.’ एकदाही भरलेली गाडी माझ्या हातात दिली नाहीस. का रे? माझ्यावर भरवसा नव्हता, की मला काही होईल याची भीती होती?

रिकामी ओम्नी म्हणजे 785 किलो. 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मात्र मागच्या चाकांना. म्हणजे ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावरच वजन कमी. कोंडिवड्याच्या रस्त्यावर पहिल्या पावसात आपण चिखलात अडकलो होतो, तेव्हा मागचं चाक नुसतं फिरत होतं आणि तू शांतपणे उतरून कोणाच्या तरी बांधावरचे चार दगड आणून गाडीत मागे ठेवलेस. गाडी निघाली. मग दगड परत नेऊन होते तसे रचलेस. त्या पावसाळ्यात तू मागे वाळूचं एक पोतं कायम ठेवलंस. वजन कमी असणं हासुद्धा त्रास असतो, हे मला त्या दिवशी दिसलं होतं. कळलं मात्र खूप उशिरा, एक्स्प्रेसवेवर खालापूर टोलनाका सोडल्यावर एक कंटेनर शेजारून गेला आणि केटरिंगसाठी घेतलेली माझी रिकामी ईको अख्खी लेनभर हलली तेव्हा.

भरलेल्या गाडीचं शिक्षण मला शिंग्रोब्याच्या घाटाने दिलं. तुला मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. पुण्याच्या मार्केट यार्डातून कांदा घेतला होता, पन्नास किलोची आठ पोती. शेजारी कामाची मावशी. आरसीवरचं एकूण वजन आणि रिकामं वजन यांची वजाबाकी मी आदल्या रात्रीच केली होती. सहाशेच्या आसपास येत होती, म्हणजे हिशेबात मी चुकले नव्हते. तरीही खंडाळ्यावरून उतरताना चौथ्या गियरमध्ये होते आणि पाय ब्रेकवरून उचललाच नाही. मला सवय तशीच होती. पळसदरीच्या रस्त्यावर तेवढ्याने भागायचं.

आधी वास आला. जळक्या रबरासारखा, पण जास्त कडू. मावशी म्हणाली, कोणाचा तरी ट्रक तापलाय. पुढच्या वळणावर पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं आणि माझ्या पाठीतून घाम फुटला. शिंग्रोब्याच्या देवळापाशी कशीबशी बाजूला घेतली. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर चुलीजवळ नेल्यासारखी धग. मावशीने बाटली उघडली होती चाकावर ओतायला. तेवढ्यात मी तुला फोन लावला आणि तू पहिलं वाक्य काय बोललास? ‘पाणी ओतू नको, डिस्क वाकेल.’ दुसरं, ‘जेवलीस का?’ पाऊण तास थांबायला लावलंस. मग सेकंडमध्ये उतरायला सांगितलंस. ज्या गियरमध्ये चढलो असतो, त्याच गियरमध्ये उतरायचं. मावशीने देवाला नाणं टाकलं, मीही टाकलं.

घरी येऊन मी हिशेब केला. भरलेली ईको दीड हजार किलोच्या घरात. मी शिकले त्या ओम्नीच्या जवळजवळ दुप्पट. वेग तोच ठेवला तर थांबवायला उष्णताही दुप्पट होणार, आणि सुमारे पाचशे मीटरची उतरंड एकट्या ब्रेकनी कशी पेलायची? इंजिनाला त्यातलं काही घेऊ द्यायला हवं होतं. हे तुला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, तरी तुझ्या पायाला ठाऊक होतं.

लहानपणी तू मला कर्जतच्या फलाटावर न्यायचास. पुण्याच्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागायची आणि तू विचारायचास, ‘का लावतात सांग?’ सदतीस मीटरला एक मीटर चढ, पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही. उतरताना मंकी हिलला ब्रेक तपासायला थांबतात, तेही तूच सांगितलंस. एवढ्या मोठ्या गाडीचं वजन मला समजावलंस आणि आपल्या छोट्या गाडीचं राहून गेलं.

आणि आता तुझं. भाताच्या हंगामात तू काय भरत होतास, मामा? मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तेव्हा तू जादा पाटा टाकून घेतलास आणि म्हणालास, आता घेईल. पाट्याने गाडी खाली बसली नाही एवढंच. ब्रेक तेच, टायर तेच, ॲक्सल तोच. गाडी दबलेली दिसत नव्हती म्हणून तू आणखी दोन पोती चढवायचास. मग मागचा भाग पुन्हा बसून दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जायचे, लोक डिपर मारायचे, तू हात दाखवायचास. क्लच प्लेट वर्षाला बदलायचास आणि दोष द्यायचास रस्त्याला. तिचा पत्रा शेवटी जिथे फाटला ना, तो पाट्याच्या वरच होता. मी तिला उगाच नाही दिली. वेल्डिंगवाल्याने हात जोडले होते. तू समोर नव्हतास म्हणून तुला हे सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

पण त्याच पोत्यांवर आईचं ऑपरेशन झालं आणि माझी फी भरली गेली, हेही मी विसरलेले नाही. तू काय भरत होतास ते तुला नेमकं माहीत होतं. माल चढत असताना सीटवर बसून डोळे मिटायचास आणि ‘बास’ म्हणायचास. कितीदा त्या ‘बास’नंतरही तू भरलंस, ते आपल्या घरासाठी.

मी आता हवा मापून भरते, मालाची वेगळी, रिकामीची वेगळी. जड टोप तळाला, सीटच्या मागे चिकटून, सिलेंडर बांधून. पहिली पाच मिनिटं ब्रेक हलका दाबून बघते. पण डोळे मिटून वजन ओळखायला मला अजून येत नाही.

माघी गणेशोत्सवाला महडला तीनशे पानांचं जेवण पोचवायचं आहे. शेजारची सीट तुझी. तांदळाची दोन पोती आदल्या दिवशीच वेगळ्या खेपेने नेऊन ठेवते आहे, तुझ्या वजनाची सोय म्हणून. गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस. माल चढत असताना तू आत बसायचंस आणि ‘बास’ म्हणायचंस. या वेळी त्यापुढे एक टोपही चढणार नाही.

तुझी,
भाची