परवानगी एकाच साइटला

लखनौच्या चौकात, गोल दरवाजाच्या आतल्या सराफ्यात, चिकनकारीच्या दुकानांमागच्या गल्ल्यांतून सांगलीकडची मराठी कानावर पडते. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी ही गलाईवाली मंडळी विटा, खानापूर, आटपाडी भागातली. त्यांचे हिशेब आणि कराची कामं मी बघतो, त्यामुळे भट्टीशेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर अडला की हाकही मलाच येते.

त्यांच्यातल्याच आण्णांनी भावांना घेऊन धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केलेली. कंपनी म्हटल्यावर जीएसटीच्या विवरणपत्रावर यूएसबी टोकनमधली डिजिटल सही करावी लागते. एका महिन्याची २० तारीख, म्हणजे शेवटचा दिवस. टोकन लावून सहीचं बटण दाबलं, तर सर्व्हरशी संपर्क होत नाही, असा संदेश आला.

आण्णा म्हणाले, "मागं त्या दुरुस्तीवाल्या पोरानं काय काय बंद केलं आन् चालू झालं. तसंच करा की."

काय बंद केलंय ते आधी बघितलं. पॉप-अपना सरसकट मोकळीक, मागेल त्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी, अँटिव्हायरस बंद, आणि सोबत एक जुनाट जावा, त्याची सुरक्षेची पातळी पार खाली ओढलेली. टेंडरच्या आणि करांच्या साइटवर एके काळी जावाच्या प्लगइनमधूनच सही व्हायची, तेव्हाची ही सवय. क्रोमनं तसली प्लगइन २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररही गेला. ब्राउझरसाठी त्या जावाचा काडीचाही उपयोग उरला नव्हता; धोका तेवढा शिल्लक होता.

मी हे बघत असतानाच अख्खा स्क्रीन निळा झाला. भोंगा वाजू लागला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बँकेची माहिती चोरीला जातेय, ताबडतोब या नंबरवर फोन करा! आण्णांच्या पुतण्यानं मोबाइल काढून नंबर दाबायला सुरुवातही केली होती. मी त्याचा हात धरला. कंट्रोल, अल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला, तिथून ब्राउझर बंद केला. भोंगा थांबला. पुन्हा उघडताना आधीची पानं परत आणायची का, असं ब्राउझरनं विचारलं; त्याला नाही म्हटलं.

फोन लागला असता तर पलीकडच्या माणसानं कॉम्प्युटरचा ताबा मागितला असता. या लोकांची हीच रीत आहे. आणि त्या कॉम्प्युटरवर कंपनीचं बँक खातं चालतं, टोकन तर लावलेलंच होतं.

मग साफसफाई केली. नोटिफिकेशनच्या यादीत कधी नाव न ऐकलेल्या साइट भरल्या होत्या, त्या काढल्या. 'फ्लॅश अपडेट करा' म्हणून कुणीतरी घुसवलेलं एक एक्स्टेन्शनही निघालं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० लाच संपलं. आज त्याचं अपडेट मागणारी खिडकी खोटीच असते. जावा काढून टाकलं, अँटिव्हायरस सुरू केला. पॉप-अप सगळ्यांना बंद केले आणि परवानगीच्या यादीत कराच्या साइटचा एकच पत्ता घातला.

सही अजून अडलेलीच होती. सही करणारा छोटा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नव्यानं सुरू केला आणि ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता, पुढे १५८५ हा पोर्ट टाकला. कनेक्शन सुरक्षित नाही, असा लाल त्रिकोण आला. मी 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडून पुढं जायला लागलो, तसे आण्णा चपापले.

"आवं, आत्ता तर म्हणलासा, असलं काय दिसलं की थांबायचं!"

प्रश्न रास्त होता, आणि घाई असली तरी उत्तर देणं भाग होतं. १२७.०.०.१ म्हणजे समोरचाच कॉम्प्युटर. सहीचा प्रोग्रॅम याच डब्यात बसलाय, ब्राउझरही याच डब्यात. त्या प्रोग्रॅमचं प्रमाणपत्र ब्राउझरच्या ओळखीच्या संस्थेकडून मिळालेलं नाही, म्हणून तो हटकतो. दोन्ही टोकं या टेबलावरच असल्यामुळे इथं पुढं जायला हरकत नाही. हाच इशारा बँकेच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावर आला, तर मात्र मागं फिरायचं.

आण्णांनी तो आकडा पावतीच्या मागं लिहून घेतला. सही झाली, विवरणपत्र वेळेत गेलं.

काम अडलं की सगळी सुरक्षा काढून टाकणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारा, काय उघडलंत, कोणत्या साइटसाठी, आणि बंद कधी करणार? तुमचा ब्राउझर धोक्याचा इशारा देताना कधीही फोन नंबर देत नाही. आणि फोन करून पैसे गेलेच असतील, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.