परक्या भांडणातले पहारेकरी

नागरिकशास्त्राच्या तासाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, या कामासाठी सरकारला दर सैनिकामागे पैसे मिळतात म्हणे. मग हे भाडोत्री सैनिकच नव्हेत का?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि ज्याच्या आसपासच्या खेड्यांत फौजेतून निवृत्त झालेला माणूस शोधावा लागत नाही, तेथे हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नसतो.

शिवाय, परक्यांच्या भांडणात जाऊन मरणे ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही. १९१६ च्या एप्रिलात मेसोपोटेमियातील कुत येथे जी फौज उपासमारीने शरण गेली, तीत मराठ्यांच्या पलटणी होत्या. १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीत देह ठेवला आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्याविषयी कोणाचे दुमत असणार! परंतु तैग्रिस नदीच्या काठी कोणी जावे, टायबरच्या खोऱ्यात कोणी लढावे, याचा निर्णय लंडनमध्ये होत असे. आपल्या लोकांना त्यात काहीच बोलता येत नव्हते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे स्वातंत्र्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी भारताने कोरियात सैन्य का धाडले, याचा थोडासा उलगडा होतो. या वेळी सैनिक तेच होते, पण हुकूम आपला होता.

कोरियाची ती हकीगत आपल्याकडे अकारण विस्मृतीत गेली आहे. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला खरा. परंतु बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी मायदेशी परत जाण्यास राजी नव्हते. त्यांना जबरीने पाठवू नये असे अमेरिका म्हणे, आणि पाठवलेच पाहिजे असे चीनचे म्हणणे. शेवटी त्यांना काही महिने तटस्थांच्या ताब्यात ठेवावे असे ठरले. देखरेखीच्या आयोगावर स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया हे देश होते, आणि अध्यक्षपदी होते भारताचे जनरल थिमय्या. पण प्रत्यक्ष पहारा देण्याचे काम एकट्या भारताकडे आले. त्या पहारा-दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे.

यजमान म्हणावा तो देशही या पाहुण्यांवर रुष्ट होता. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही, असा हट्ट धरला. तेव्हा आपल्या जवानांना इंचॉन बंदरातील जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले! तेथे कैद्यांनी स्वागत केले ते दगडांनी. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओढून आपल्या कुंपणाआड नेले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता, केवळ बोलून, त्यांनी त्याला सोडवून आणले. हे सर्व दिवस असेच निभावले असे मात्र नव्हे. ऑक्टोबरच्या आरंभी पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला व काही कैदी प्राणास मुकले. शांतिरक्षणाचे काम बाहेरून दिसते तितके सोवळे नसते.

यातून भारताच्या पदरात काय पडले? जमीन नाही, व्यापारी सवलत नाही. १९५४ साली परतणाऱ्या सैन्याबरोबर ८८ कैदी आले, ज्यांना दोन्ही कोरिया नकोसे झाले होते आणि दोन्ही चीनही. पण एक गोष्ट मिळाली, आणि ती मला मोठी वाटते. एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या दोन पक्षांना विश्वासाने ज्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात असा देश हवा होता, आणि त्यांनी नाव घेतले ते भारताचे. गावातल्या तंट्यात दोन्ही भाऊबंद ज्याला पंच म्हणून बोलावतात, त्या माणसाची शेती वाढत नाही, पण त्याचा शब्द वाढतो. राष्ट्रांचेही तसेच असावे.

आता पैशाविषयी. तो मिळतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सैनिक पाठवणाऱ्या सरकारला राष्ट्रसंघ दरमहा दरडोई ठराविक रक्कम देतो. २०१८ साली तो दर १,४२८ डॉलर ठरला. देश कोणताही असो, दर एकच. श्रीमंत देशाला एवढ्यात आपल्या सैनिकाचा खर्चही भागवता येत नाही. गरीब देशाच्या तिजोरीत मात्र शिल्लक उरू शकते. नेपाळ, बांगलादेश, घाना हे देश या कामात पुढे का, याचे एक कारण येथे आहे, पण ते एकमेव नव्हे. फिजीसारख्या चिमुकल्या बेटाने १९७८ पासून लेबनॉनला सैनिक पाठवले. त्या निमित्ताने त्याचे सैन्य फुगले, आणि १९८७ मध्ये त्याच सैन्याने घरचे निवडून आलेले सरकार उलथून पाडले. सैन्याला बाहेर काम मिळाले म्हणजे ते घरी स्वस्थ बसते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे. मला स्वतःला खुपते ते निराळेच. या मोहिमांच्या खर्चाचा मोठा वाटा श्रीमंत राष्ट्रे उचलतात आणि शवपेट्या बहुतांशी गरीब राष्ट्रांकडे जातात. १९९४ च्या एप्रिलात रुवांडात बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले, तेव्हा बेल्जियमने आपली तुकडी माघारी नेली. त्यानंतरच्या आठवड्यांत तेथे लाखो माणसांची कत्तल झाली. पुढे त्याच रुवांडाने इतरांच्या रक्षणासाठी दारफूरला सैनिक पाठवले. आणि २०१० मध्ये राष्ट्रसंघाचा एक अहवाल अडचणीचा ठरू लागताच ते सैनिक परत बोलावण्याची धमकीही दिली. उदात्त हेतू आणि हिशेब हे दोन्ही एकाच देशाच्या अंगी असे सुखाने नांदतात.

आपल्या देशाचा हिशेब मात्र कधी नीट जुळलाच नाही. काँगो १९६० साली स्वतंत्र झाला आणि लगेच खाणींनी समृद्ध असा कटांगा प्रांत त्यातून फुटून निघाला. बेल्जियन खाण कंपनीचा पैसा त्याच्या पाठीशी होता. १९६१ च्या आरंभी काँगोचे पंतप्रधान लुमुंबा यांचा खून झाला. त्यानंतर सुरक्षा समितीने निरुपाय झाल्यास बळाचा वापर करण्याची मुभा दिली आणि भारताने पूर्ण ब्रिगेड पाठवली. त्या वर्षाचा डिसेंबर आठवावा. इकडे बेळगावात गोव्याच्या मुक्तीसाठी फौज जमत होती. तिकडे राष्ट्रसंघाच्या ध्वजाखाली भारतीय जवान लढत होते. आणि १८ डिसेंबरला त्याच राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी गोव्यावरून भारताला माघार घेण्यास सांगणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो फेटाळला गेला. काँगोतील सेवेची एवढीच बूज! पुढच्या वर्षी ऑक्टोबरात चीनने हिमालयात आक्रमण केले, तेव्हाही आपली ती ब्रिगेड आफ्रिकेतच होती. राज्यकर्त्यांचे हे धोरण चुकले असे कोणी म्हटले, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

परंतु ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलच्या विमानतळाकडील रस्त्यावर जे घडले, ते मला या हिशेबात बसवता येत नाही. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडून फार वर्षे झाली नव्हती, वय २६. कटांगाच्या शिपायांनी रस्ता अडवला होता. त्यांची संख्या कितीतरी पट अधिक असताना सलारियांनी सोळा गुरख्यांनिशी, हाती खुकरी घेऊन, त्यांच्यावर चाल केली. मानेला गोळी लागूनही ते रक्त जाऊन कोसळेपर्यंत लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. कटांगाच्या बाजूला त्या काळी खरेखुरे भाडोत्री सैनिक होते, युरोपातून व दक्षिण आफ्रिकेतून पगारावर आणलेले गोरे. त्यांच्या धन्याची तेथे तांब्याची खाण होती. सलारियांच्या देशाची तेथे एकही खाण नव्हती.